वाइंडरबाईंचे वीस डबे

गल्ली तिला वाइंडरबाई म्हणायची, आणि तिला ते आवडायचं. एकोणिसाव्या वर्षी ती ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तारा गुंडाळायला लागली आणि पन्नाशी ओलांडल्यावरच तिथून उठली. एवढी वर्षं तिनं एकच काम केलं: लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे आणि ते मोजायचे. कारखान्यात मोजणी यंत्र होतं, पण ते वरचेवर खोटं बोलायचं. ही कधी बोलली नाही. मोजत असताना कुणी हाक मारली तर ती मान वर न करता, तोंडात असेल तो आकडा मोठ्यानं म्हणायची, म्हणजे तो हरवत नसे. तिचा नवरा त्याच कारखान्यात पेंटर होता, ट्रान्सफॉर्मरच्या टाक्यांना फवाऱ्यानं रंग मारायचा. तो सगळ्यांना सांगायचा, "मी हिला पहिल्यांदा नाव विचारलं, तर म्हणाली, सहाशे चाळीस. म्हटलं, एवढं लांबलचक नाव असलेली मुलगी सोडायची नाही."

मोठे मिस्त्री म्हणून तिथे एक खडूस माणूस होता. त्यानं पहिल्याच दिवशी तिच्या एका हातात केसासारखी बारीक तार आणि दुसऱ्या हातात बोटाएवढी जाड पट्टी दिली होती. म्हणाला होता, "बारीक तारेचे वेढे हजारो, जाड पट्टीचे मोजके. वेढे जास्त तिकडे व्होल्ट जास्त, करंट कमी. वेढे कमी तिकडे व्होल्ट कमी, करंट जास्त, म्हणून तार जाड. एवढं डोक्यात ठेव. ट्रान्सफॉर्मर पदरचं काही घालत नाही. इकडे व्होल्ट वाढवून दिलेस, तर तिकडून करंट वाढवून घेणारच." तिनं ते डोक्यात ठेवलं. खरं सांगायचं तर डोक्यात कमी आणि बोटांत जास्त. बोटांना एका गुंडाळीपुरतं सगळं समजत होतं. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर दिवसाचे चोवीस तास भरपूर वीज असायची. ती कुठून येते आणि आपण ओढल्यावर मागे काय होतं, हे पाहायची पाळी तिच्यावर आयुष्यात कधी आली नव्हती.

रंगाच्या फवाऱ्यानं पेंटरची फुफ्फुसं खाल्ली. तोंडाला फडकं बांधून काम करायचा तो, आणि त्या फडक्यावर त्याचा केवढा विश्वास! शेवटी डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी न्यायला लावलं. लहानशा कपाटाएवढं ते मशीन खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन गाळून नळीवाटे नाकात सोडायचं. दिवसरात्र चालायचं. नळी काढली की दहा मिनिटांत पेंटरचे ओठ जांभळे पडायचे. बाकी तब्येत झकास आहे, असं तोच म्हणायचा.

मशीनला व्होल्ट लागायचे किमान एकशे नव्वद. त्याखाली गेले की ते पी पी करून बंद पडायचं. आणि ही गल्ली होती लाइनच्या शेपटाला. गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक जुना ट्रान्सफॉर्मर, तिथून तीसेक घरांना तारा आणि शेवटून दुसरं घर यांचं. उन्हाळा सुरू झाला, घराघरांत पंखे, कूलर, फ्रीज लागले आणि दुपारी व्होल्ट एकशे बाहत्तरवर आले. वीज कार्यालयात तिनं अर्ज दिला. मोठा ट्रान्सफॉर्मर मंजूर आहे, फाइल पुढे गेली आहे, असं उत्तर मिळालं. कुठे पुढे, ते फाइललाच माहीत.

मग तिनं कारखान्यातून निघताना मिळालेला एक जुना गाभा माळ्यावरून काढला, दोन दिवस बसून त्यावर तार गुंडाळली आणि पत्र्याच्या डब्यात बसवली. डब्याला चार पायऱ्यांचं बटण. शेवटच्या पायरीवर शंभराचे एकशे तीस व्हायचे. भिंतीवर तिनं काट्याचा मीटर टांगला, लाइनचे व्होल्ट दाखवणारा. लाइन एकशे बाहत्तर, डब्यातून बाहेर दोनशे तेवीस. मशीन गुरगुरू लागलं, पेंटरचे ओठ पुन्हा माणसासारखे झाले. त्या संध्याकाळी ती खाटेच्या पायाशी बसून लहान मुलीसारखी रडली. तिच्या हातांनी एवढं मोठं काम आजवर केलं नव्हतं.

इथेच थांबायला हवं होतं. पण चांगली गोष्ट गल्लीत कधी एका घरात राहिली आहे? पहिला आला शिंपी. पेंटरला पहिला झटका आला तेव्हा यानंच त्याला पाठीवर घेऊन रिक्षापर्यंत पळत नेलं होतं. "वहिनी, माझ्या मशीनची मोटर नुसती रडते हो. मलाही एक डबा." त्याला नाही कसं म्हणणार? मग शिंप्याच्या शेजारची बाळंतीण. मग निवृत्त मास्तर, त्यांच्या नव्वदीच्या आईला गरमीनं घेरी यायची. तार ज्याची त्यानं आणायची, हात वाइंडरबाईंचे. लोक दारात उभे राहून म्हणायचे, बाई, तुमच्या हातात जादू आहे. आता तीस वर्षं ज्या बाईला फक्त आकडे ऐकायला मिळाले, तिला हे ऐकून गुदगुल्या होणारच. दोन महिन्यांत एकोणीस डबे झाले. तिचा धरून वीस.

पेंटर एकदा म्हणाला होता, "अगं, एवढे डबे... लाइन काय म्हणेल?"

"लाइन काय म्हणणार? तुम्ही बोलू नका, दम लागतो," म्हणून तिनं त्याला गप्प केलं होतं.

लाइनचा काटा एकशे साठवर आला तेव्हा तिनं ऊन वाढलंय म्हटलं. एकशे पन्नासवर आला तेव्हा कार्यालयाला शिव्या दिल्या. लोक डबे घेऊन परत आले, "बाई, जरा वाढवून द्या ना," आणि या शहाणीनं सगळ्यांना वेढे वाढवून दिले. वेढे वाढवले की दोन दिवस बरे जायचे, मग काटा आणखी खाली. तिच्या बोटांना सगळं ठाऊक होतं, आणि तिनं बोटांना विचारलंच नाही.

मग तो मंगळवार आला. दुपारी दोन वाजता मशीन पी पी करून बंद पडलं. बटण शेवटच्या पायरीवर होतंच. तिनं मीटरकडे पाहिलं. एकशे अठरा. 

घरात अडीनडीला ठेवलेला एक सिलिंडर होता, लहानसा, अडीच तासांचा. तिनं नळी त्याला जोडली. सिलिंडरवाल्याला फोन केला, तो म्हणाला उद्या सकाळी. रुग्णालयात फोन केला, तिथली बाई म्हणाली, "तुमच्या घरी मशीन आहे ना? इथे ज्यांच्याकडे काहीच नाही ते जमिनीवर झोपलेत." वीज कार्यालयाचा फोन नुसताच वाजत राहिला. उद्या सकाळ आणि अडीच तास यांच्यामधला हिशेब तिला करायचा नव्हता, पण आकड्यांची सवय वाईट, तो आपोआप झाला.

चूक आपल्याच मीटरची असावी, या वेड्या आशेनं ती शेजारी पळाली, गल्लीतल्या शेवटच्या घरात. तिथे एकटी मावशी राहायची, घरोघरचे स्वेटर विणून देणारी. ओलं फडकं डोक्यावर घेऊन ती जमिनीवर पडली होती. छताचा पंखा जागच्या जागी होता.

"मावशी, पंखा बंद का?"

"चालूच आहे गं. महिना झाला, फिरतच नाही. म्हातारा झाला असेल, माझ्यासारखा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या घरात एवढं आजारपण. पंख्याचं काय रडगाणं गायचं तुझ्यापुढे!"

मावशीकडे डबा नव्हता. गल्लीत अशी दहा घरं होती, ज्यांनी मागितला नव्हता. ती तशीच बाहेर आली, आणि भर उन्हात उभी असताना तिला सगळं एकदम कळलं. मागे घरोघर डबे घुमत होते, सगळे तिच्या हातचे. प्रत्येक डबा आपल्या घरात व्होल्ट वाढवून देत होता आणि त्यासाठी त्याच एका मरतुकड्या लाइनमधून जास्त करंट ओढत होता. करंट जास्त ओढला की बारीक लाइनीत व्होल्ट आणखी पडत होते. ते पडले की लोक वेढे वाढवायला येत होते. तिनं वीज दिलीच नव्हती कुणाला. शेपटाकडच्यांची काढून पुढच्यांना वाटली होती, आणि शेपटाला मावशी होती, आणि पेंटर होता.

ती धावली. शिंप्याकडे आधी.

"तुमचा डबा बंद करा, भाऊजी. यांचं मशीन पडलंय."

"करतो, वहिनी, आत्ता करतो. एवढी एक शिवण होऊ द्या. पण माझ्या एकट्याच्या डब्यानं असा काय फरक पडणार?"

बाळंतिणीची सासू म्हणाली, "आमच्या एकीच्यानं काय होणार गं? पलीकडे तर कूलर लावलाय." कूलरवाला म्हणाला, आधी शिंप्याला सांगा, तो दिवसभर मोटर चालवतो. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाला आपला डबा लहान वाटत होता. सहा घरांनी तिच्यासमोर बंद केले. ती पुढे गेली, आणि पंखे मंदावल्यावर शेजारचा पंखा जोरात फिरताना पाहून त्यातल्या तिघांनी पुन्हा चालू केले. घरी येऊन मीटर पाहिला, एकशे सव्वीस. सिलिंडरचा काटा निम्म्याच्या खाली.

"मिळेल का काही?" पेंटरनं विचारलं. असं विचारलं, जणू बाजारातून भाजी मिळेल का.

तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. ती मास्तरांकडे गेली. मास्तरांचा शब्द गल्ली ऐकायची, कारण त्यांनी गल्लीतल्या निम्म्यांना शाळेत अंगठे धरून उभं केलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा पुसला. जग बुडत असतानाही हा माणूस चष्मा पुसून घेईल.

"बाई, असं एकेकाला विनवून होणार नाही. नियम एकच हवा. सगळे बंद म्हणजे सगळे बंद. मी स्वतः दारोदार जातो. पण मला लोक पहिला प्रश्न हा विचारतील की वाइंडरबाईंचा बंद आहे का?"

तिला सांगायचं होतं. सर, सगळे बंद झाले तरी लाइन एकशे बाहत्तरच्या वर जाणार नाही, तेवढ्यावर मशीन चालत नाही, माझा एक चालूच ठेवावा लागेल. पण मास्तर मग विचारणार, बाळंतिणीला काय सांगू, माझ्या आईला काय सांगू, चार माणसं बोलवावी लागतील, चर्चा होईल. आणि सिलिंडर चर्चेसाठी थांबणार नव्हता.

"बंद आहे," ती म्हणाली.

मास्तर छत्री घेऊन निघाले. वीस मिनिटांत गल्लीतला गुणगुणाट थांबला. मीटर चढत चढत एकशे बाहत्तरवर येऊन उभा राहिला. तिनं खाटेखालचा डबा चालू केला, आवाज दबावा म्हणून त्याच्यासमोर जाड गोधडी लावली आणि मशीन सुरू केलं. सिलिंडर संपायला दहा मिनिटंही उरली नव्हती.

"सगळ्यांनी ऐकलं?" पेंटर म्हणाला.

"ऐकलं."

"आणि आपला?"

तिनं गोधडी आणखी घट्ट खोचली. छत्तीस वर्षांच्या संसारात त्याला तेवढं पुरेसं होतं. सिलिंडर फुसफुसत रिकामा झाला, तेव्हा तिनं नळी मशीनला लावली. आता फक्त मशीन होतं.

तासाभरानं दाराबाहेर मास्तरांचा आवाज आला. "येऊ का? म्हटलं पेशंटला बघून जावं."  डब्याचा तो गुणगुणाट गल्लीत कोण ओळखत नव्हतं? दोन महिने तो प्रत्येकाच्या उशाशी होता. ती गोधडी नीट करायला वाकली, आणि त्याआधीच पेंटरचा हात खाटेखाली गेला होता. टक. डबा बंद. मशीननं दोनदा पी पी केलं आणि तेही गप्प झालं.

"या, सर," पेंटर म्हणाला.

मास्तर खुर्चीवर बसले. शांतपणे बसले, वेळ असलेल्या माणसासारखे. आई आता ओसरीत आणून बसवली आहे म्हणाले. बाळंतीण बाळाला ओल्या पंच्यानं पुसतेय. शिंप्यानं हातानं शिलाई सुरू केली आहे. लोक चांगले आहेत हो, नियम सारखा असला की ऐकतात. "आणि तुम्ही स्वतःचा बंद करून बसलात, ते मी सगळ्यांना सांगितलं. त्यानंच लोक हलले."

पेंटर हसून मान हलवत होता. नळी नाकात होती, तिच्यातून काहीच येत नव्हतं. तिनं त्याच्या छातीकडे पाहिलं. आधी ती भराभर हलत होती, मग उथळ उथळ. ओठांचा रंग चालला होता. तो तिच्याकडे बघून अगदी बारीक मान हलवत होता. नको. बोलू नकोस. या माणसानं आयुष्यात तिच्याकडे एका शब्दाचा हट्ट धरला नव्हता, आणि आता धरला होता तो तिची अब्रू राखायला. तिला त्याचा राग आला. एवढा राग की डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणाला हवी होती अब्रू!

"मशीन बंद दिसतंय," मास्तर म्हणाले. "बरं वाटतंय वाटतं आता?"

"हो..." पेंटर म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याला मिळाला नाही.

"खोटं आहे!" ती ओरडली. "सगळं खोटं आहे, सर. माझा डबा चालू होता. तुम्ही आलात म्हणून यांनी बंद केला. मी तुमच्याशी खोटं बोलले." बोलता बोलता ती गुडघ्यांवर बसली, गोधडी ओढून फेकली आणि बटण दाबलं. डबा घुमला. मशीन धापा टाकत सुरू झालं. "सगळ्यांचे बंद असले तरी मशीनला पुरत नाही. माझा एक लागतोच. तुमची आई उकाड्यात बसली आहे, माहीत आहे मला. मला काय म्हणायचं ते म्हणा. पण हा बंद करायला सांगू नका. मी तुमच्या पाया पडते."

मास्तरांनी डब्याकडे पाहिलं. पेंटरकडे पाहिलं, त्याच्या ओठांकडे. तिच्याकडे पाहिलं नाही. छत्री उचलली आणि बाहेर गेले.

गल्लीत त्यांचा आवाज आला. मग शिंप्याचा, मग बायकांचे. शब्द कळत नव्हते. कळायची गरजही नव्हती. आता एकेक डबा सुरू होणार. का होऊ नये? तिनं मीटरवर डोळे लावले. एकशे सत्तेचाळीसपर्यंत मशीन चालेल, त्याखाली नाही. म्हणजे बारा घरं. फार तर तेरा. तिनं पेंटरचा हात हातात घेतला. तो गार होता.

काटा हलला. तिनं डोळे मिटून घेतले, मग उघडले. एकशे शहाहत्तर.

तिला वाटलं, नजर फिरली. काटा पुन्हा हलला, आणि वरच गेला. एकशे त्र्याऐंशी. ही चढण कसली तिला कळेना, पण हात कामाला लागले, कारण व्होल्ट जास्त झाले तर मशीन जळेल. तिनं बटण एक पायरी खाली घेतलं. एकशे नव्वद. आणखी एक पायरी. एकशे शहाण्णव, सगळ्यांत खालची पायरी. काटा दोनशे सहावर जाऊन स्थिर झाला. आता डब्याची गरजच नव्हती. तिनं मशीनची वायर डब्यातून काढून सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली आणि डबा बंद केला. मशीन एकसुरी चालत राहिलं.

मोठा ट्रान्सफॉर्मर आला की काय, असं काहीतरी मनात घेऊन ती दाराशी गेली.

सगळी गल्ली बाहेर होती. नुसते डबे नाही, लोकांनी पंखे, कूलर, फ्रीज, सगळंच बंद केलं होतं आणि साडेपाच वाजताच्या उन्हात जो तो आपल्या उंबऱ्यावर येऊन बसला होता. मास्तर आईला वर्तमानपत्रानं वारा घालत होते. बाळंतीण पदराची सावली करून बाळाला थोपटत होती. शिंपी सुई घेऊन खाली मान घालून बसला होता. तिनं एकेकाकडे पाहिलं. तिच्याकडे कुणीही पाहिलं नाही. ते तिला काहीतरी देत होते आणि तिच्याशी बोलणार नव्हते, आणि दोन्ही त्यांना मनापासून करायचं होतं. तिला वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेजारच्या पायरीवर मावशी बसली होती. दुपारी गल्लीतले डबे बंद झाल्यावर महिन्यानं तिचा पंखा पहिल्यांदा फिरला होता, आणि तो बंद करून ती उन्हात आली होती. तिनंही वर पाहिलं नाही. हातातलं विणकाम चालूच होतं.

"मावशी," तिनं हाक मारली. 

"दार लोटून घे," मावशी म्हणाली. "झळ आत जातेय त्याला."